रायफल बदलण्याआधी तिची बैठक तपासा : ॲक्शन आणि दस्त्याचं नातं समजून घेऊ

सुरत : रेंजवर पालक मंडळी जमली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "मागच्या महिन्यात पोरगी छान मारत होती, आता छर्रे कुठंही जातात." मग उपाय सुरू होतात. आधी छर्रे बदलतात, मग चष्मा, मग कोच, आणि शेवटी कर्ज काढून नवी रायफल. या सगळ्यात एक गोष्ट तपासायची राहून जाते. रायफलचा लोखंडी भाग तिच्या दस्त्यात नीट बसला आहे का?

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. तिकडे नंदुरबार, धुळे, जळगावातही नेमबाजीकडे वळणारी मुलं आहेत. दोन्हीकडे पैसा जपूनच खर्च होतो. म्हणून रायफलची ही 'बैठक' काय असते, ती का बिघडते आणि घरच्या घरी काय तपासता येतं, ते आज साध्या भाषेत पाहू.

ॲक्शन म्हणजे काय, दस्ता म्हणजे काय

रायफलचे ढोबळमानाने दोन भाग धरा. पहिला धातूचा. त्यात नळी, नळी जिथे घट्ट बसवलेली असते ती चौकट, बोल्ट आणि चाप येतात. या चौकटीला आणि तिच्यातल्या यंत्रणेला 'ॲक्शन' म्हणतात. काडतूस आत जाणं, कुलूपबंद होणं, पिन आदळणं आणि रिकामं टरफल बाहेर येणं, हे सगळं इथंच घडतं.

दुसरा भाग दस्ता, इंग्रजी बोलीत स्टॉक. खांद्याला टेकतो, गाल ठेवायला जागा देतो आणि हाताला पकड देतो तो हा. पूर्वी दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असायचा. आता स्पर्धेच्या रायफलींत ॲल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात.

हे दोन भाग खालून येणाऱ्या साधारण दोन स्क्रूंनी एकमेकांना बांधलेले असतात. ॲक्शन दस्त्याच्या खोबणीत जिथे टेकते, त्या टेकण्याच्या जागेला आणि ती तयार करण्याच्या कामाला 'बेडिंग' म्हणतात. आपण तिला बैठक म्हणू.

सुरतकरांना हे सांगायला दुसरं उदाहरण नको. घंटीवर हिरा घासताना तो डॉपमध्ये किंचित जरी हलला तरी पैलू बिघडतो. कारागीर तोच, चाकही तेच, पण पकड ढिली. रायफलचंही तसंच आहे.

साइट तर ॲक्शनवरच असते, मग फरक कसा पडतो?

हा प्रश्न बरोबर आहे आणि बरेच जण तिथंच अडतात. नेम धरायची मागची साइट ॲक्शनवर आणि पुढची नळीच्या टोकावर असते. म्हणजे ॲक्शन दस्त्यात थोडी सरकली तरी साइट आणि नळी सोबतच सरकणार. नेमबाज पुन्हा नेम धरणार. मग बिघडलं कुठं?

बिघाड तीन ठिकाणी होतो.

एक, ॲक्शन वाकते. खोबणीचा तळ उंचसखल असेल तर ॲक्शन दोन-तीन उंचवट्यांवर टेकते आणि मधला भाग अधांतरी राहतो. आता स्क्रू आवळला की ॲक्शन खाली ओढली जाते आणि धनुष्यासारखा ताण घेते. डोळ्याला काही दिसत नाही. पण नळीची रेषा आणि साइटची रेषा यांचं गणित बदलतं. स्क्रू कमी-जास्त आवळला की ते परत बदलतं.

दोन, गोळी नळीत असतानाच रायफल हलायला लागते. पिन पडल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात धक्का मागे यायला सुरुवात झालेली असते. पॉइंट टू-टूच्या स्पर्धेतल्या गोळ्या मुद्दाम आवाजापेक्षा कमी वेगाच्या असतात, म्हणून त्या नळीत तुलनेनं जास्त वेळ रेंगाळतात. एअर रायफलचा छर्रा तर त्याहून हळू जातो. त्या क्षणी ॲक्शन प्रत्येक वेळी एकाच जागी टेकलेली असेल तर नळी प्रत्येक वेळी सारखीच हलेल. टेकण्याची जागा बदलली तर हलण्याची तऱ्हाही बदलेल.

तीन, ॲक्शन मूळ जागी परत येत नाही. धक्क्यानं ती केसभर मागे सरकते आणि पुढच्या वेळी दुसरीकडेच स्थिरावते. मग कागदावर एकाऐवजी दोन वेगळे पुंजके दिसतात.

थोडक्यात, रायफल किती घट्ट आहे हा प्रश्नच नाही. दर वेळी ती तशीच, तेवढ्याच ताणात बसते का, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब मांडून पाहू

झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. समजा ६५ सेंटिमीटर लांब नळीच्या तोंडाची दिशा एवढ्याने चुकली. ५० मीटरवर तो फरक सुमारे ७.७ मिलिमीटर होतो.

आता टार्गेट पाहा. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि प्रत्येक वर्तुळ पुढच्यापासून ८ मिलिमीटर दूर. म्हणजे कागदाच्या जाडीएवढी चूक जवळपास एक गुण खाते. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका तर अवघा अर्धा मिलिमीटर आहे. तिथे दशांश गुणात ०.१ चा फरक पडायला पाव मिलिमीटर पुरतो.

एका गुणाची किंमत काय असते? पॅरिस ऑलिम्पिक, २०२४. पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ६०० पैकी ५९० गुण घेतले आणि सातव्या क्रमांकानं अंतिम फेरी गाठली. मध्य प्रदेशचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर होता. तो अकरावा आला आणि बाहेर गेला. पुढे १ ऑगस्टला स्वप्नीलनं ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी पदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

ऐश्वर्यचा तो गुण रायफलमुळे गेला असं कुणी म्हणणार नाही. सांगायचं इतकंच, की साठ गोळ्यांत एका गुणावर सगळं फिरत असेल तर रायफलनं स्वतःहून एकही गुण खाता कामा नये.

आपल्या हवेचा वाटा

आता आपल्या भागाचा मुद्दा. लाकूड हवेतली ओल शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. रेषांच्या दिशेनं हा बदल नगण्य असतो, आडवा मात्र चांगलाच जाणवतो. ॲक्शनचे स्क्रू लाकूड दाबतात ते याच आडव्या दिशेनं.

सुरत समुद्राजवळचं शहर. जुलै-ऑगस्टमध्ये इथं कपाटातले कपडेही दमट लागतात. खानदेशात एप्रिल-मे म्हणजे कोरडी भट्टी, पारा चाळिशीच्या पुढे. तापी लाइनच्या गाडीनं सुरतहून नंदुरबारला जायला काही तास लागतात. मध्ये नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. माणूस सहज हद्द ओलांडतो, पण लाकडी दस्ता ती तितक्या सहज ओलांडत नाही. पावसाळ्यात सुरतेत आवळलेला स्क्रू उन्हाळ्यात शहाद्याला ढिला निघतो. उन्हाळ्यात तिकडे नीट बसवलेली रायफल इथल्या पावसाळ्यात फुगून नळीला टेकते.

ही अडचण नवी नाही. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली 'थ्री नॉट थ्री' आठवा. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनायची. तिचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागल्या कडेवर येतो आणि आपल्याकडे हे लाकूड तिथे फाटायचं. म्हणून इशापूरनं त्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातला. जुन्या बंदुकांचे जाणकार आजही त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात. सैन्याच्या दणकट रायफलीलाही इथल्या हवेसाठी वेगळी सोय लागली, तर क्लबातल्या नाजूक स्पर्धा-रायफलीचं काय सांगावं?

लाकडाचा दुसरा शत्रू तेल. रायफल तोंड वर करून उभी ठेवली की नळीत आणि ॲक्शनमध्ये घातलेलं जादा तेल हळूहळू खाली उतरतं आणि बैठकीच्या लाकडात मुरतं. तेल प्यायलेलं लाकूड मऊ होतं, दबतं. वर्षभर काही कळत नाही, नंतर स्क्रू कितीही आवळा, बसतच नाही.

बैठक बिघडल्याची लक्षणं

- ग्रुप एकाऐवजी दोन पुंजक्यांत पडतो.
- छर्रे किंवा गोळ्या एकाखाली एक, उभ्या रांगेत पडत जातात.
- स्क्रू पाव फेरा फिरवला की नेम दुसरीकडेच जातो.
- रायफल साफ करून पुन्हा जोडली की दर वेळी साइट नव्यानं जुळवावी लागते.
- दस्त्यातून ॲक्शन काढल्यावर टेकण्याच्या जागी एक-दोनच चकचकीत ठिपके दिसतात, बाकी जागा कोरी.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून लगेच बैठकीवर ठपका ठेवू नका. गोळ्यांचा लॉट बदलला, साइटचा स्क्रू सुटला किंवा नळीच्या तोंडाची कड दुखावली तरी असंच होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी सोबत बदलल्या की कशानं फरक पडला ते कळायचा मार्ग बंद होतो.

चांगली बैठक कशी असते

पहिली अट, ॲक्शन ताणाशिवाय बसली पाहिजे. स्क्रू आवळण्याआधी ती जिथे टेकते, आवळल्यावरही तिथेच टेकायला हवी.

दुसरी अट धक्क्याची. बऱ्याच बोल्ट ॲक्शन रायफलींत खालच्या बाजूला एक जाड ठोकळा असतो. त्याला रिकॉइल लग म्हणतात. धक्का हा ठोकळा दस्त्याला देतो. त्याची मागची बाजू पूर्ण टेकलेली हवी. पुढची बाजू, दोन्ही कडा आणि तळ मात्र मोकळे हवेत. चारी बाजूंनी घट्ट बसवला तर ॲक्शन आत घालताना-काढताना अडकते आणि तळ टेकला तर ॲक्शन त्याच्यावरच डोलते.

तिसरी अट नळीची. बहुतेक स्पर्धा-रायफलींत नळी दस्त्याला कुठंही टेकत नाही, अधांतरी असते. दस्ता फुगून नळीला लागला की नळीची थरथर बदलते.

चौथी अट स्क्रूंची. स्क्रूचं काम फक्त खाली ओढण्याचं. त्याचा दांडा भोकाच्या कडेला घासत असेल तर धक्का स्क्रूवर येतो. पुढचा स्क्रू जास्त लांब असेल तर बोल्टच्या वाटेत येऊ शकतो. मॅगझिनची पेटीही ॲक्शन आणि खालच्या पट्टीमध्ये चेपलेली नको, हातानं किंचित हलायला हवी.

कारागीर नेमकं काय करतो

जुनी पद्धत काजळीची. ॲक्शनला काजळी फासून ती खोबणीत ठेवायची, उचलायची. काळं उमटलं तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा आणि परत ठेवायची. दिवसभर हेच. या कामात घाईला थारा नाही.

आजची पद्धत इपॉक्सीची. आधी बैठकीजवळचं मऊ, तेलकट लाकूड काही मिलिमीटर काढून टाकतात. स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात. त्यांना पिलर म्हणतात. त्यामुळे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो, म्हणजे पावसाळा-उन्हाळ्याचा परिणामही कमी होतो. मग ॲक्शनला मेणासारखा न चिकटणारा थर लावतात, आतली भोकं चिकणमातीसारख्या मऊ पदार्थानं बुजवतात आणि रिकॉइल लगच्या पुढे, कडांना व तळाला पातळ टेप लावतात. टेप नंतर निघाली की तिथे हवी तेवढी फट राहते.

यानंतर धातूची पूड मिसळलेलं इपॉक्सी खोबणीत घालून ॲक्शन त्यात अलगद बसवतात. इथंच बरेच जण चुकतात. स्क्रू जोरात आवळले तर ॲक्शन वाकलेल्या अवस्थेत साचा तयार होतो. म्हणजे पैसे खर्च करून वाकडेपणा कायमचा करून घेतला. म्हणून ॲक्शन तिच्याच वजनानं किंवा टेपच्या हलक्या दाबानं बसू देतात. इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर ॲक्शन सोडवतात, कडा साफ करतात आणि स्क्रूची भोकं मोकळी करतात. न चिकटणारा थर लावताना एखादी जागा सुटली तर ॲक्शन दस्त्यातच चिकटून बसते, आणि मग निस्तरणं महागात पडतं.

काम झालं की परीक्षा डायल गेजची. गेज दस्त्याला बांधून त्याचं टोक नळीवर टेकवतात आणि एकेक स्क्रू सोडून पाहतात. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर बैठक ताणमुक्त समजतात. त्याहून जास्त हलला तर ॲक्शन वाकत होती हे उघड झालं. कारागिराकडे रायफल द्याल तेव्हा ही चाचणी आधी आणि नंतर तुमच्यासमोर करायला सांगा. ज्याला काम येतं तो नाही म्हणणार नाही.

ॲल्युमिनियमचा दस्ता असेल तर इपॉक्सी सहसा लागत नाही. तिथे ॲक्शन तासलेल्या धातूच्या खोबणीत बसते. पण कचरा, वाळलेलं तेल आणि चुकीचा आवळलेला स्क्रू तिथेही तेवढंच नुकसान करतात.

घरी काय तपासता येईल

सर्वात आधी रायफल रिकामी आहे ना, ते बोल्ट उघडून डोळ्यानं आणि बोटानं तपासा. छर्रे-गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मगच हात लावा.

१. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून ॲक्शनपर्यंत सरकवा. अधांतरी नळी असलेल्या रायफलीत ती कुठंही अडता कामा नये. ही तपासणी पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा.

२. बोटं नळी आणि दस्त्याच्या फटीवर ठेवून दुसऱ्याला पुढचा स्क्रू हळू सोडायला सांगा. फट उघडझाप करताना बोटाला कळली तर ताण आहे.

३. स्क्रू अंदाजानं आवळू नका. टॉर्क पाना घ्या. आकडा कंपनीच्या माहितीपुस्तिकेतलाच घ्यायचा, मित्राच्या रायफलीचा नाही.

४. आवळताना रायफल बटावर उभी धरा, म्हणजे रिकॉइल लग मागे टेकेल. आधी पुढचा स्क्रू, मग मागचा, थोडं थोडं करत आवळा.

५. वहीत तारीख, टॉर्कचा आकडा, छर्ऱ्याचा लॉट आणि ग्रुप लिहून ठेवा. आम्ही कॉमर्सवाले म्हणतो, नोंद नाही तर व्यवहार नाही. सहा महिन्यांनी हीच वही खरं सांगते.

६. रायफल ठेवताना जादा तेल पुसा. लाकडी दस्ता असेल तर तोंड वर करून महिनोन्महिने उभी ठेवू नका.

शिकाऊ मुलांच्या हातात असते ती स्प्रिंगची एअर रायफल. तिच्यात पिस्टनमुळे धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो. त्यामुळे तिचे स्क्रू लवकर सुटतात. तिथे निम्मी तक्रार पान्याच्या एका फेऱ्यातही मिटू शकते. म्हणून सरावाआधी स्क्रू पाहण्याची सवय लावा.

कायद्याची बाजू

पॉइंट टू-टू रायफल हे परवान्याचं शस्त्र आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून ओळखीचा फर्निचरवाला कितीही हुशार असला तरी रायफल त्याच्याकडे सोडून येऊ नका. काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या आणि पावती घ्या. राज्याबाहेर नेत असाल तर परवान्यावर वैधतेचं क्षेत्र कोणतं लिहिलंय ते आधी वाचा. हद्दीवर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं.

एअर रायफलचं वेगळं आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअर गनला परवाना लागतो. १० मीटर स्पर्धेची रायफल या मर्यादेत बसते.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना

भारतात हा खेळ ज्यांनी संघटित केला, ते दादासाहेब मावळंकर मूळचे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचेही ते संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. आज गावोगावची मुलं ज्या मावळंकर स्पर्धेची स्वप्नं पाहतात ती त्यांच्याच नावाची. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ स्पर्धेत कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि गुजरातची लज्जा गोस्वामी या जोडीनं ५० मीटर थ्री पोझिशनचं रौप्य मिळवलं. म्हणजे हा खेळ दोन्ही राज्यांचा, आणि दोन्हीकडच्या मराठी घरांचाही.

तेव्हा पोराचा स्कोअर घसरला तर आधी त्याला बोलू नका. क्रम असा ठेवा : स्क्रू आणि टॉर्क, मग कागदाची पट्टी, मग साइट आणि छर्रे, मग डायल गेजची चाचणी, मग गरज पडली तर बेडिंग. नवी रायफल सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन पायऱ्यांना पाना, कागद आणि एक सुट्टीची दुपार लागते. आणि एवढं करूनही रायफल निर्दोष निघाली, तर पोराला निदान हे तरी कळतं की आता मेहनत आपल्यालाच करायची आहे.